मदत हवी आहे: क्लाउझरचं फ्लॅशाबू हुकला गुंडाळतंय

नमस्कार मंडळी. अमेरिकेत सिएटलजवळ प्युजेट साउंड या खाडीच्या किनाऱ्यावर उभं राहून कोहो सॅल्मन आणि समुद्रात फिरणाऱ्या कटथ्रोट ट्राउटसाठी मासेमारी करतो. फ्लाय (हुकवर केस, धागे बांधून केलेलं नकली आमिष) स्वतः बांधलेली क्लाउझर मिनो, म्हणजे छोट्या माशासारखी दिसणारी: 4 नंबरचा स्टेनलेस हुक, डंबेलच्या आकाराचे वजनदार डोळे, खाली पांढरं बकटेल (हरणाच्या शेपटीचे केस), वर गुलाबी आणि मधे मोतिया फ्लॅशाबू (चमकदार, मऊ प्लास्टिकचे धागे). रॉड 6 वेटचा (मध्यम ताकदीचा), लाइन इंटरमीडिएट (हळू बुडणारी). बोट नाही, आणि वारा बहुतेक वेळा समोरून.

पाण्यात ती सुरेख चमकते. पण कास्ट करताना फ्लॅशाबूचे लांब धागे हुकच्या वळणाला गुंडाळले जातात आणि फ्लाय एका अंगावर तिरकी ओढली जाते. मासा अगदी गुडघाभर पाण्यापर्यंत मागे येतो, पांढरं पोट दाखवतो आणि वळून जातो. फार जीव तुटतो हो!

फ्लॅशाबू बकटेलच्या बरोबरीने कापून पाहिलं. गुंता थांबला, पण कोहो मागे येणंच कमी झालं. वळणापाशी जाड मोनोचा (एकपदरी नायलॉन दोऱ्याचा) लूप बांधला, त्याने केस सावरले, धागे मात्र बाजूने निसटतातच. कास्टचा वेग कमी केला तर वाऱ्यात लाइन पडते.

मागे दुसरा हुक जोडा असं कृपया सुचवू नका. इथे सॅल्मनसाठी बिनकाट्याचा (टोकाशी उलटा काटा नसलेला) हुक सक्तीचा आहे आणि कटथ्रोट सोडून द्यावा लागतो, त्याला इजा नको.

फ्लॅशाबू बकटेलपेक्षा बोटभर लांब ठेवायचंच असेल तर ते नेमकं कुठे बांधावं, डोळ्यांच्या पुढे की मागे, आणि किती धागे घ्यावेत? की या लांबीला ताठ, पिळाचं क्रिस्टल फ्लॅशच बरं?