कपाट उचलताना पाठ गेली, चूक कुणाची?

टेकू: कालच्या धाग्यावर एकाने लिहिलं, ‘फर्निचर पोचवणाऱ्यांच्या पाठी जातात कारण ते वाकून उचलतात. गुडघे दुमडा, कमरेला पट्टा बांधा, प्रश्न मिटला.’ डोकंच फिरलं. गुडघे दुमडून खोका उचलता येतो हो, तीन दारांचं कपाट जिन्यावरून कसं न्याल? खालच्यावर भार जास्त, समोरचं दिसत नाही, वळणावर कंबर पिळली जातेच. अमेरिकेतल्या नायॉशने, म्हणजे कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने, १९९१ मध्ये सुधारलेल्या ओझं उचलण्याच्या सूत्रात कमाल मर्यादाच २३ किलो आहे. तीही ओझं अंगाशी, पकड पक्की, पीळ अजिबात नाही, अशा वेळी. ओझं २५ सेंमीऐवजी ५० सेंमी लांब धरलं की आकडा निम्मा. आता कपाट अंगाशी धरून दाखवा.

सरळसोट: सूत्रं ठेवा खिशात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या शिफारशीत पुरुषाला ५५ किलोंपर्यंत चालतं. आमच्या मेहुण्यांची हयात या धंद्यात गेली. पट्टा बांधतात, कधी साधी उसण भरली नाही.

टेकू: ती शिफारस १९६७ ची, आणि ५५ ही त्यातली कमाल मर्यादा, रोजचा रतीब नव्हे. पट्ट्याचं म्हणाल तर धडधाकट माणसाची इजा त्याने टळते याला पुरेसा पुरावा नाही, असं नायॉशनेच १९९४ मध्ये सांगितलंय. मेहुण्यांची पाठ लोखंडी असेल.

सरळसोट: मेहुण्यांवर घसरू नका.

हातोडा: पट्टा बांधला की आधार वाटतो, एवढं मला पुरे.

टेकू: तीच तर गोची आहे. आधार वाटतो म्हणून माणूस जास्त उचलायला जातो.

कोपऱ्यातली: पट्टा, पट्टा, पट्टा! बोटांचं कुणी बोलेल का? आमचा सोफा दाराच्या चौकटीत अडकला. वरच्याने ‘सोडतोय’ म्हणायच्या आत सोडला, माझ्या भावाची करंगळी मधे. नख काळंनिळं. आणि गिऱ्हाईक बाई भिंतीवरचा ओरखडा बोटाने घासून बघतायत! फोनवर याच म्हणाल्या होत्या, ‘दार मोठं आहे.’

सरळसोट: सोफ्याचे पाय आधी का नाही काढले? ढकलगाडी टेम्पोत असते, तीही हे लोक खाली उतरवत नाहीत. आळस, दुसरं काय.

कोपऱ्यातली: पाय काढायला वेळ लागतो. पुढच्या घरून तोवर चार फोन. वेळापत्रक लावणारा कधी जिना चढलाय का?

टेकू: बरं बाबा, ढकलगाडी उतरवत नाहीत हे खरं, जिंकलात. आता तीच भरलेली ढकलगाडी जिन्याने वर चढवून दाखवा, मग पट्ट्याचंही मान्य करतो.