वर्मच्या ऑपेरॉनमध्ये नको असलेला बँड: चूक माझी की पुस्तकाची?

कृमीवाली:
नमस्कार मंडळी. एमएस्सी प्राणिशास्त्र, शेवटचं सेमिस्टर, प्रोजेक्ट सी. एलिगन्स या सूत्रकृमीवर. बारावीपासून ऑपेरॉन (एकत्र वाचल्या जाणाऱ्या शेजारच्या जनुकांचा गट) म्हटलं की डोळ्यांपुढे जीवाणूंचा लॅक ऑपेरॉनच. एक प्रमोटर (जिथून वाचन सुरू होतं ती जागा), एक लांबलचक एमआरएनए (प्रथिन बनवण्यासाठीची जनुकाची प्रत), त्यावरून तीन प्रथिनं. इथे आल्यावर कळलं की या मिलिमीटरभर वर्मलाही ऑपेरॉन असतात. म्हटलं, आपणही बघू. एकाच ऑपेरॉनमधली दोन शेजारची जनुकं घेतली. फॉरवर्ड प्रायमर (जिथून कॉपी सुरू होते तो डीएनएचा छोटा तुकडा) पहिल्याच्या शेपटाला, रिव्हर्स दुसऱ्याच्या डोक्याला. सीडीएनएवर (आरएनएवरून बनवलेल्या डीएनएवर) पीसीआर केला, म्हणजे दोन प्रायमरमधल्या भागाच्या भरपूर प्रती काढल्या, आणि जेलवर झकास बँड आला! सरांनी जेल बघितलं, चष्मा कपाळावर सरकवला, "हा यायला नको होता" म्हणाले आणि मीटिंगला गेले. चार दिवस झाले. दोन्ही जनुकं एकत्रच वाचली जातात ना, मग का नको?

प्लॅटिनमची_तार:
अगं, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरटी, आरएनएवरून डीएनए बनवणारं विकर) न घातलेली नळी लावली होतीस का? नसशील, तर तो बँड बहुधा नमुन्यात राहिलेल्या जीनोमिक, म्हणजे मूळ डीएनएचा. अशा दोन जनुकांमध्ये साधारण शंभरेक बेसचं अंतर असतं. पीसीआरला तो नुसता उंबरठा.

एकत्र वाचली जातात हे खरं, पण केंद्रकातच त्या लांब आरएनएचे तुकडे पडतात. पहिल्या जनुकाच्या शेवटी कापणी होऊन त्याला पॉली-ए शेपूट लागतं. आता दुसऱ्याची पंचाईत बघ. प्रमोटरजवळ मिळणारी कॅप (आरएनएला जपणारी टोपी) पहिल्याच्या डोक्यावर गेली, हा बोडका राहिला. बोडका आरएनए टिकत नाही. मग दुसरीकडच्या जनुकावरून तयार झालेला एक छोटा आरएनए आपल्या टोकाचे २२ बेस, कॅपसकट, याच्या डोक्याला जोडतो. हा एसएल-२ (एसएल म्हणजे स्प्लाइस्ड लीडर). म्हणजे अक्षरशः टोपी घालतो, पण भल्यासाठी! जीवाणूत एकाच एमआरएनएवरून सगळी प्रथिनं बनतात, इथे प्रत्येक जनुकाचा एमआरएनए वेगळा. घरं वेगळी, जोतं एक.

एसएल-१ त्याचा थोरला भाऊ, १९८७ साली अॅक्टिनच्या जनुकांवर सापडला. तो ऑपेरॉनबाहेरच्या ढीगभर जनुकांनाही लागतो. एसएल-२ दिसला की मात्र समजायचं, हे जनुक कुणाच्या तरी मागे उभं आहे. १९९३मध्ये संशोधक ब्लुमेन्थाल यांच्या गटाने वर्ममधले ऑपेरॉन दाखवले ते याच धाग्यावरून. त्यांच्याच २००२च्या मोजणीत हजाराच्या आसपास ऑपेरॉन निघाले, प्रत्येकात दोन ते आठ जनुकं, एकूण जनुकांपैकी १५ टक्के.

तू असं कर. फॉरवर्डला एसएल-२चा प्रायमर आणि रिव्हर्स दुसऱ्या जनुकातला. जीनोममध्ये ते २२ बेस त्या जनुकाला चिकटलेले नसतात, त्यामुळे डीएनए तुला फसवू शकत नाही. फक्त जीपीडी-२ आणि जीपीडी-३ ही जोडी घेऊ नकोस. पुस्तकी उदाहरण आहे, पण दोघं जवळजवळ जुळे. प्रायमर कुणाला चिकटला ते कळत नाही, माझा एक अख्खा महिना गेलाय.

आगरवरचा_पाहुणा:
वरचं सगळं बरोबर, एक पुस्ती. "एकत्र वाचली" म्हणजे "सारखीच व्यक्त झाली" नव्हे. तुकडे पडल्यावर कोणता एमआरएनए किती टिकेल हे ज्याचं त्याचं नशीब. आणि शेजारी आहेत म्हणून काम एकच, असंही नाही. ऑपेरॉनमध्ये मायटोकॉन्ड्रिया, स्प्लायसिंग (आरएनएची कापजोड), प्रथिननिर्मिती असली रोजची घरकामं करणारी जनुकं जास्त भेटतात. २०११मध्ये एक छान कल्पना पुढे आली. उपाशी राहून वाढ थांबलेला वर्म अन्न मिळाल्यावर जागा होतो, तेव्हा त्याला ही सगळी जनुकं एकदम लागतात आणि वाचणारी यंत्रणा तर मोजकीच. प्रमोटर कमी असले की ती पुरते. मला पटतं. दोन दिवस भुकेल्या एल-वन (पहिल्या अवस्थेतल्या) पिल्लांना ओपी-५० (त्यांचं खाणं असलेले जीवाणू) घातल्यावर ती कशी सुटतात, हे एकदा बघाच.

पुढे आरएनएआय (जनुकाचा आरएनए नष्ट करून ते दाबण्याची पद्धत) करणार असलात तर जपून. लिर-१ या जनुकावर आरएनएआय केलं की त्याच ऑपेरॉनमधलं लिन-२६ सुद्धा दबतं, कारण घाव न तुटलेल्या लांब आरएनएवरच बसतो. मरतो वर्म, आणि आळ येतो भलत्याच जनुकावर.

कृमीवाली:
ताई, दादा, खूप आभार. विना-आरटी नळी लावली. बँड तिथेही, तेवढाच ठसठशीत 🙈 डीएनेझ (डीएनए तोडणारं विकर) देऊन पुन्हा केलं, तर गायब. एसएल-२चा मात्र टिकला. दोन्ही जेलचे फोटो सरांच्या टेबलावर ठेवलेत. सर अजून मीटिंगमध्येच आहेत.