गोव्यात वर्षभर व्हिजिटिंग फॅकल्टी: आधी घर की आधी कागद?

सातारची_लेक:
नमस्कार मंडळी. मूळची साताऱ्याची, पण बरीच वर्षं अमेरिकेत, पासपोर्ट तिकडचाच, ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांचं) कार्ड आहे. जूनपासून दोन सेमिस्टर ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात शिकवायला येतेय, विषय किनारपट्टीचा पर्यावरणीय इतिहास, जमलं तर खाजन जमिनींवर (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली खाडीकाठची शेतं) थोडं संशोधनही करायचंय. सोबत नवरा, तो अमेरिकन, एंट्री व्हिसावर. पत्रात मानधन आणि तास व्यवस्थित लिहिलेत, राहण्याबद्दल एकच ओळ, व्यवस्था आपली आपण करावी. गेस्टहाऊस थोडे दिवस मिळेल म्हणतात. आता गंमत बघा, बँक म्हणते इथला पत्ता द्या, घरमालक म्हणतो इथला फोन नंबर द्या, सिमवाला परत पत्त्यावर येतो. ऑनलाइन घरं बघितली तर सगळी स्विमिंग पूलवाली आणि भाडी वाचून डोळे पांढरे व्हायची वेळ. सुरुवात कुठून करू? आणि मराठीवर निभतं का तिथे?

फोंड्याचो_भुरगो:
ताई आधी घर, बाकी सगळं त्याच्या मागून येतं. पण ऑनलाइन दिसतात ती टुरिस्टांची घरं, ती सोडा. मालकाला डिसेंबरात रोजच्या हिशोबाने भाडं मिळतं, तो तुम्हाला वर्षभराला कशाला देईल, आणि दिलं तरी ऑक्टोबरात ‘पाहुणे येणार’ म्हणून खाली करायला सांगेल. गेस्टहाऊसला उतरा आणि तिथून पायी नाहीतर स्कूटरवर सांताक्रूज, बांबोळी, मेरशी, ताळगाव गाव असं फिरा, किराणावाल्याला विचारा, पोदेराला विचारा, सकाळी सायकलवर भोंपू वाजवत पोई-उंडे, म्हणजे इथले पाव, घेऊन येतो तो, कुठलं घर बंद आहे आणि कुणाचा मुलगा लंडनला गेलाय ते त्याला बरोबर माहीत असतं. दोना पावला छान आहे पण महाग, आणि पर्वरीहून रोज मांडवी ओलांडायची म्हणजे ट्रॅफिकमध्ये अर्धा जीव जातो.

अ‍ॅग्रीमेंट अकरा महिन्यांचं करतात. सही करायच्या आधी एकच गोष्ट बघा, वीजबिल कुणाच्या नावावर आहे. हसू नका, आमच्याकडे घरं भावाबहिणींत सामायिक, वाटणी झालेली नसते, बिल अजून आजोबांच्या नावावर येतं आणि आजोबा केव्हाच वारलेत. ते बिल घेऊन बँकेत गेलात की काउंटरवरची बाई विचारणार, हे गृहस्थ तुमचे कोण? तेव्हा मालकाचं नाव, घर नंबर आणि बिल या तिन्हींचा मेळ बसतो ते घर घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी.

मराठीचं म्हणाल तर निभतंच, घराघरात मराठी पेपर येतात, देवळात भजन-कीर्तन मराठीत. पण बाजारात लोक आपसात कोंकणीच बोलणार. समजेल तुम्हाला, उत्तर मराठीत दिलंत तरी कुणी वाईट वाटून घेत नाही.

दोन_पासपोर्ट:
मी अशीच एका संस्थेत (नाव नको) वर्षभर शिकवून गेले, त्यामुळे कागदांचं थोडं सांगते, घर तर वर आलंच आहे.

नवऱ्याच्या व्हिसावर रजिस्ट्रेशनचा शेरा काय आहे तो नीट वाचा. १८० दिवसांहून मोठा व्हिसा असेल तर साधारणपणे उतरल्यापासून १४ दिवसांत एफआरआरओकडे (परदेशी नागरिकांची नोंदणी करणारं सरकारी कार्यालय) नोंदणी करावी लागते, ती आता ऑनलाइन होते, पण तिथेही राहत्या जागेचा पुरावा अपलोड करायचा असतो, म्हणजे फिरून घरच. शिवाय परदेशी माणूस ठेवला की मालकाने २४ तासांत त्याच कार्यालयाला ऑनलाइन कळवायचं असतं, त्याला अजून सगळे सी फॉर्मच म्हणतात. बरेच मालक हे नाव काढलं की कां-कू करतात. पहिल्याच भेटीत विचारा, जो टाळाटाळ करेल ते घर कितीही सुंदर असू दे, पुढे चला.

तुम्हाला ओसीआयमुळे ती नोंदणी नाही, पण खाजनाचं वाचून थांबले. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआयवाल्यांना भारतात संशोधन करायचं तर वेगळी खास परवानगी लागते, ती एफआरआरओ किंवा तिकडच्या भारतीय वकिलातीतून मिळते. शिकवणं वेगळं आणि खाजनातल्या मानस-बांधावर (मानस म्हणजे पाण्याची झडप) जाऊन शेतकऱ्यांच्या मुलाखती घेणं वेगळं. जूनची वाट न बघता तिथूनच अर्ज करा आणि विभागाकडून तसं पत्रही मागून घ्या.

आता पैसे. पॅन नसेल तर परदेशी नागरिकांचा फॉर्म भरायचा, भारतीयांचा नव्हे. आधारच्या मागे सध्या लागू नका, ओसीआयला आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथे राहिल्याशिवाय मिळत नाही. बँकेत मात्र थोडं भांडायची तयारी ठेवा, नोकरीसाठी भारतात आलेला माणूस फेमाखाली (परकीय चलनाचा कायदा) आल्यापासून रहिवासी धरला जातो, इन्कम टॅक्सचा दिवस मोजायचा हिशोब निराळा, आणि काउंटरवर या दोन्हींची खिचडी करून तुम्हाला एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातंच उघडा म्हणतात. नेमणुकीचं पत्र समोर ठेवा. भारत-अमेरिका टॅक्स कराराचं २२ वं कलम शिक्षक-संशोधकांसाठीच आहे, दोन वर्षांपर्यंतची सूट त्यात येते, अटी आहेत, तेव्हा सीएला दाखवा आणि मानधनाचं पहिलं बिल लावायच्या आधीच अकाउंट्सला कळवा. एकदा टीडीएस कापला गेला की मग बसा रिफंडची वाट बघत. मानधन पहिल्या महिन्यात येईल असं धरूच नका. माझं दिवाळीनंतर आलं, तेही फाईल कुठल्या टेबलावर आहे हे शिपाईकाकांनी सांगितलं म्हणून.

पठारावरची_मास्तरीण:
घर-कागद झालं, वर्गाचं कुणी बोललंच नाही म्हणून लिहितेय. तुमची मुलं सत्तरी, पेडणे, काणकोणहून कदंबा बस बदलत येतात, संध्याकाळचा तास लावलात तर साडेचारलाच मान खिडकीकडे वळते, ते तुमच्या शिकवण्यामुळे नाही, बस जाईल म्हणून. सकाळचे तास मागून घ्या. ईमेल कुणी वाचत नाही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करा. वर्गात ‘कुणाला शंका?’ विचारलंत तर सगळे गप्प, आणि तास संपल्यावर दारात चार जण उभे, त्यातला एक हमखास खाजनातल्याच घरातला निघेल आणि पुस्तकात नाही ते सांगेल. चवथीला माटोळी (गणपतीच्या वर बांधतात ती फळा-फुलांची) बांधायची म्हणून सगळे गावी जातात, त्या आठवड्यात काही ठेवू नका, ठेवलंत तर एकट्याच बसाल.

पुस्तकं जास्त आणू नका बाई. जुलैत कपाट उघडलं की कातडी चप्पल हिरवी आणि पुस्तकांच्या पाठीवर बुरशी. पणजीत पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, १८३२ पासूनचं, पोर्तुगीज काळातलं बरंच तिथे बसून बघता येतं, वर वारा मस्त.

सातारची_लेक:
बाप रे, संशोधनाच्या परवानगीचं मला कुणीच सांगितलं नव्हतं, विभागानेही नाही, आजच वकिलातीच्या साईटवर बसते. वीजबिलाचा मुद्दा नवऱ्याला सांगितला, तो म्हणतो हे आमच्याकडे असतं तर टॅक्स ऑफिसने आजोबांनाच नोटीस पाठवली असती. मेरशी आणि सांताक्रूज बघायचं ठरलं. स्कूटर भाड्याने घ्यावी की विकत?

फोंड्याचो_भुरगो:
सुरुवातीला भाड्याने, पण काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. मित्राची म्हणून पांढऱ्या पाटीची देतात ती नको, अडवलं तर भुर्दंड तुम्हालाच. आणि जूनमध्ये येताय तर रेनकोट इथे येऊन घ्या, तिकडचा आमच्या पावसाला पुरत नाही. मेरशीत माझ्या मावशीच्या शेजारी एक वरचा मजला रिकामा आहे, बिल मालकाच्याच नावावर आहे का ते रविवारी विचारून मेसेज करतो.