मीटरचा शून्य आणि जंतुनाशक दिवा

जंतुनाशक यूव्ही दिव्यासमोर यूव्ही इंडेक्स मीटर (उन्हातल्या अतिनील किरणांची तीव्रता दाखवणारा) धरला, तो शून्याजवळ राहिला, म्हणून दिवा निर्धोक, असा निष्कर्ष काही जण काढतात; तो धोकादायक आहे. ते मीटर उन्हासाठी असतात. जंतुनाशक दिव्याच्या किरणांची तरंगलांबी २५४ नॅनोमीटर; तिथे बहुतेकांचा सेन्सर जवळजवळ आंधळाच, आणि सेन्सरपुढे साधी काच असेल तर संपलंच, ती हे किरण अडवते. २५४ साठी कॅलिब्रेट केलेला मीटर घ्या, ट्यूब काही मिनिटं तापू द्या, मग डोळा जिथे येईल त्या अंतरावर सेन्सर दिव्याकडे रोखून मोजा. (पॉलिकार्बोनेटची फेसशील्ड आणि हातमोजे घालूनच.) आयसीएनआयआरपी या किरणोत्सर्ग-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची या तरंगलांबीची ८ तासांची मर्यादा प्रति चौरस सेंटिमीटर ६ मिलिज्यूल. मीटरवर प्रति चौरस सेंटिमीटर ०.१ मिलिवॅट (म्हणजे सेकंदाला ०.१ मिलिज्यूल) दिसलं, तर ६ भागिले ०.१, म्हणजे ६० सेकंदांत कोटा खलास. डोळ्यांची चुरचुर मात्र काही तासांनी सुरू होते.