दीर्घ श्वास घेतला की उलट चक्करच येते. चुकतंय काय?

मंदझुळूक:
धडधड सुरू झाली की ‘दीर्घ श्वास घ्या’ असं सगळेच सांगतात. पण आठ-दहा मोठे श्वास घेतले की डोकं हलकं होतं, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, भीती आणखीच वाढते. श्वास मोजायचा तर किती? आणि त्याच्याकडे लक्ष दिलं की तो अडकल्यासारखा का वाटतो?

संथलय:
ऑक्सिजन कमी पडत नाहीये, कार्बन डायऑक्साइड कमी होतोय. भराभर मोठे श्वास घेतले की तो गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून चक्कर. मुंग्याही त्यातूनच. तेव्हा मोठा नको, सावकाश हवा.

पाठ टेकून बसा, कमरेचा पट्टा सैल करा. एक हात छातीवर, दुसरा बेंबीच्या जरा वर. सुरुवात श्वास सोडण्यापासून करा. हे बहुतेकजण विसरतात आणि भरलेल्या छातीत आणखी भरत बसतात. मग नाकाने ४ मोजेपर्यंत आत. पोटावरचा हात उचलला जावा, छातीवरचा जेमतेम हलावा. न थांबता ६ मोजेपर्यंत बाहेर, ओठ किंचित मिटून, समोरच्या मेणबत्तीची ज्योत विझू नये, नुसती हलावी इतक्याच जोराने. एक आकडा म्हणजे एक सेकंद धरला तर मिनिटाला ६ श्वास होतात. दम पुरत नसेल तर ३ आणि ४ करा. आकड्यांचं एवढं काही नाही, सोडणं घेण्यापेक्षा लांबलं पाहिजे. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात.

खांदे वर चढत असतील तर जास्त घेताय. पाऊण भरला की पुरे.

काठावरचा:
वरच्याला जोड. ४-४-४-४ चा चौकोनी श्वास (घेणं, रोखणं, सोडणं, पुन्हा रोखणं, प्रत्येक ४ मोजेपर्यंत) एरवी चांगला, पण ऐन घाबरलेले असताना तो रोखायला गेलं की पुष्कळांना गुदमरल्यासारखं होतं. भस्त्रिका, कपालभाती त्या वेळी नकोच, त्यात श्वास मुद्दाम जलद करायचा असतो. भ्रामरी चालेल, गुणगुणताना उच्छ्वास आपोआप लांबतो. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना सल्ला मात्र सोडून द्या. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा निघाला तर ते जिवावर बेतू शकतं.

संथलय:
अडकल्यासारखं वाटण्याबद्दल: एरवी आपोआप चालणारं काम तुम्ही हातात घेता, मग ते नीट होतंय का हे तपासत बसता. अशा वेळी श्वासाचा नाद सोडून द्या, लक्ष तळपायांवर न्या. टाच कुठे टेकली आहे, अंगठ्याखाली फरशी गार आहे का. मन भटकलं की परत आणायचं. भटकणं म्हणजे चूक नव्हे, परत आणणं हाच सराव. दर दोन श्वासांनी ‘भीती गेली का?’ विचारू नका, त्या विचारण्यानेच ती जागी राहते.

सराव बरं वाटत असताना करा, रोज दोनदा ५ मिनिटं. भीतीचा झटका आल्यावरच पहिल्यांदा करायला गेलात तर जमणार नाही.

मंदझुळूक:
मीटिंगमध्ये, चारचौघांत?

काठावरचा:
डोळे उघडे, हात मांडीवर, तोंड मिटलेलं. घेणं मोजूच नका, नाकाने सोडणं तेवढं ६ पर्यंत मोजा. कुणाला कळत नाही. मात्र छातीवर दाब, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, दरदरून घाम असेल तर श्वास मोजत बसू नका, तातडीने डॉक्टर गाठा.