फ्रिजमधली तीन आठवड्यांची अंडी : पाण्यात बुडाली म्हणजे चांगली का?

मीठभाकर : सुट्या अंड्यांचा तीसचा ट्रे आणून तीन आठवडे झाले, अकरा उरली आहेत. तारीख कुठेच नाही. फ्रिजच्या दारातल्या खणात ठेवली आहेत. मध्ये एकदा तीन तास वीज गेली होती, फ्रिज उघडला नव्हता. पाण्यात टाकल्यावर आठ तळाशी तिरकी राहिली, दोन उभी, एक तरंगलं. कुठली टाकून द्यायची? घरात दोन वर्षांचं मूल आहे.

कढीलिंब : पाण्यातून फक्त वय कळतं. कवचाला बारीक छिद्रं असतात. त्यातून ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, रुंद टोकाकडची हवेची पोकळी वाढते, म्हणून ते टोक वर येतं. ताजं आडवं पडतं, जुनं होत जाईल तसं उभं राहतं, शेवटी तरंगतं. तिरकी आठ बिनधास्त वापरा. उभी दोन आधी संपवा, तीही कडक उकडून. तरंगलेलं प्रत्येक अंडं सडलेलंच असतं असं नाही, पण एका अंड्यासाठी कशाला जोखीम? टाका. आता सगळीच भिजली आहेत, तेव्हा कोरडी पुसा आणि लवकर वापरा. ओल्या कवचातून जंतू सहज आत जातात.

रसायनवाला : वर एक गोष्ट राहिली, आणि लहान मूल असल्यामुळे तीच सगळ्यात महत्त्वाची. साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) असलेल्या अंड्याला वास येत नाही, रंग बदलत नाही, ते पाण्यातही झकास बुडतं. कोंबडीतूनच आलेला जंतू ताज्या अंड्यातही असू शकतो. ४ अंशांच्या आसपास त्याची वाढ जवळजवळ थांबते, पण तो मरत नाही. मरतो तो शिजवल्यावर : अंड्याचा पदार्थ आतपर्यंत ७१ अंश सेल्सियस तापला पाहिजे. म्हणजे पांढरा आणि बलक दोन्ही घट्ट. मुलाला, गरोदर बाईला, आजी-आजोबांना हाफ फ्राय नको, कच्च्या अंड्याचं घरगुती मेयोनीजही नको. बुर्जी चालेल, पण ओलसर न ठेवता.

तीन तासांच्या वीज जाण्याची काळजी नको. बंद फ्रिज साधारण चार तास थंड राहतो.

मीठभाकर : एक तिरकं फोडलं. पांढरा पाण्यासारखा पसरला, बलक चपटा, त्यावर लाल ठिपका. आणि उरलेल्यांपैकी दोनांना विष्ठा चिकटली आहे, धुऊन ठेवू?

कढीलिंब : पसरणं, चपटं होणं ही म्हातारपणाची लक्षणं, बिघडल्याची नव्हेत. लाल ठिपका म्हणजे अंडं तयार होताना फुटलेली बारीक रक्तवाहिनी, खाल्लं तरी चालतं. बलकाला चिकटलेले पांढरे दोरेही नैसर्गिकच. पांढरा गुलाबी, हिरवट किंवा तेलासारखा चमकणारा दिसला, बलकावर काळे डाग असले किंवा गंधकासारखा वास आला, तर मात्र सरळ टाका. यासाठीच प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडायचं. पाचवं सडकं निघालं तर पहिली चार वाया जात नाहीत.

धुऊन ठेवू नका! कवचावरचा नैसर्गिक थर निघून जातो, आणि गार पाण्याने अंडं आतून आकसलं की बाहेरची घाण छिद्रांतून आत ओढली जाते. कोरड्या कापडाने पुसा, वेगळी ठेवा, धुवायचंच तर वापरायच्या क्षणी. तडकलेली मुळीच ठेवू नका.

बाजारहाट : दारातला खण अंड्यांसाठी सगळ्यात वाईट जागा, कंपन्या तिथेच कप्पे का देतात देव जाणे. दार उघडलं की तिथलं तापमान वरखाली होतं. आतल्या फळीवर, झाकणाच्या डब्यात, निमुळतं टोक खाली करून ठेवा. पावसाळ्यात गार अंडी ओट्यावर काढून ठेवली की त्यांना घाम सुटतो. लागतील तेवढीच काढा, दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नका.

फ्रिजमध्ये तीन ते पाच आठवडे ही मर्यादा आहे, पण ती पहिल्यापासून गार राहिलेल्या अंड्यांची. आपल्याकडे सुटी अंडी दुकानात उन्हाळ्यातही उघड्यावरच असतात. ढोबळमानाने बाहेरचा एक दिवस फ्रिजमधल्या आठवड्याइतकं वय वाढवतो. म्हणून सुट्या अंड्यांना तीन आठवडेच धरा, ट्रेवर आणल्याची तारीख पेन्सिलीने लिहा.

रसायनवाला : उरलेली आजच उकडून अंडाकरीला वापरा. जुन्या अंड्यांचा पांढरा जास्त अल्कधर्मी होतो, त्यामुळे टरफल पटकन सुटतं. उकडलेली टरफलासकट फ्रिजमध्ये सात दिवस टिकतात, मात्र उकडल्यापासून दोन तासांच्या आत आत गेली पाहिजेत. बलकाभोवती राखाडी-हिरवी कडा दिसली तर ती जास्त उकळल्याची, टाकू नका.