गूढ शोधसूत्रांची स्पर्धा: सूत्र लिहायला कसं शिकावं?

ओवी_नाशिक
नमस्कार मंडळी. द हिंदूमधलं गूढ शब्दकोडं (ज्यात उत्तर शब्दखेळात दडवलेलं असतं) रोज सोडवते. मराठीतलं कुणी टाकलं की तेही सोडवल्याशिवाय राहवत नाही. आता लिहायचं आहे. आमच्या मंडळाची दिवाळीत शोधसूत्रांची, म्हणजे कोड्यातला शब्द ओळखायला दिलेल्या ओळींची, स्पर्धा असते. शब्द ते देतात, आपण प्रत्येक शब्दावर एकच सूत्र पाठवायचं. यंदाचे शब्द अजून जाहीर व्हायचेत, म्हणून गेल्या वर्षीच्या तीन शब्दांवर हात बसवते आहे. उत्तरं सांगूनच टाकते, कारण सल्ला सूत्रांवर हवा आहे. कंसात उत्तरातल्या अक्षरांची संख्या.

धारा – मागे वळली राधा, वाहू लागली (२)
कारभार – गाडीवर ओझं लादून चालते व्यवस्था (४)
पाऊस – सुरुवातीचं पाणी उसाला, छत्री कुठे आहे? (३)

परीक्षक नेमकं काय बघतात? वाचावं काय, सराव कसा करावा? परखड सांगितलंत तर जास्त आवडेल.

चौकट
कल्पना तिन्ही चांगल्या आहेत. राधा-धारा तर अजिबात सोडू नका. अडचण आहे ती व्याख्येची. सूत्राच्या एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ हवा, उरलेल्या भागात अक्षरांचा खेळ. 'वाहू लागली' हे क्रियापद झालं आणि धारा आहे नाम. साधी चाचणी सांगतो. एखादं वाक्य घ्या, त्यातून उत्तर काढा आणि त्या जागी व्याख्या ठेवा. 'पाण्याची धारा अडली' हे 'पाण्याचा प्रवाह अडला' असं म्हणता येतं, 'पाण्याची वाहू लागली अडली' असं नाही. परीक्षक पहिल्यांदा हेच तपासतात.

'छत्री कुठे आहे?' याने पावसाची आठवण होते, पण त्याचा अर्थ पाऊस होत नाही.

आणि 'गाडीवर ओझं' जरा तपासा. उभ्या शब्दात 'वर' म्हणजे खरोखरच वरच्या घरात, मग भारकार होईल. 'गाडीमागे ओझं बांधायची व्यवस्था (४)' असं केलंत तर कार आधी, भार नंतर, आणि व्याख्या शेवटी एकटी उभी राहते.

मंदार_रेडिंग
चौकट यांना अनुमोदन. वाचायचं काय, तेवढं मी सांगतो, कारण शोधसूत्रांची स्पर्धा ही गोष्ट इंग्लंडातल्या ऑब्झर्व्हर या साप्ताहिकाने फार निगुतीने वाढवली. १९२६ पासून तिथे टॉर्कमाडा या नावाने कोडी येत. त्यांच्यानंतर झिमेनीझ आले, १९७२ पासून अझेड. तिन्ही नावं स्पेनच्या धर्मन्यायालयाच्या प्रमुखांची. त्यातलं देझा हे आडनाव रोमन लिपीत उलटं लिहिलं की अझेड होतं, म्हणजे टोपणनावातच शब्दखेळ!

अझेडच्या स्पर्धेचा साचा तुमच्या मंडळासारखाच. महिन्यातून एकदा कोड्यातल्या एका शब्दाला नुसती व्याख्या दिलेली असायची आणि सोडवणाऱ्यांनी त्यावर स्वतःचं गूढ सूत्र रचून पाठवायचं. मग बक्षीसपात्र आणि वाखाणलेली सूत्रं शेऱ्यांसह एका पत्रकात छापली जायची. ती जुनी पत्रकं इंटरनेटवर वाचायला मिळतात. जरूर वाचा. एकाच शब्दावर पाच-पंचवीस माणसांनी काय काय केलं आणि परीक्षकाला त्यातलं काय रुचलं, हे शेजारी शेजारी दिसतं. कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा त्यातून जास्त कळतं.

झिमेनीझ यांचं १९६६ चं पुस्तक नियमांसाठी अजूनही उत्तम आहे. पण अझेड यांनी सगळं तीन गोष्टींत बसवलंय: नेमकी व्याख्या, अक्षरांकडे नेणारा प्रामाणिक शब्दखेळ, आणि याउपर काहीही नाही. स्पर्धेत बहुतेक सूत्रं तिसऱ्या अटीवर पडतात. वाक्य सुंदर व्हावं म्हणून एखादा शब्द आत येतो आणि तो ना व्याख्येचं काम करतो, ना खेळाचं.

अनुस्वार
मंदार यांनी सांगितलेलं सगळं खरं, पण ते मराठीत आणताना आपल्या लिपीचा आणि व्याकरणाचा विचार आधी करायला हवा. यावर मी मनापासून लिहितो, कारण इथे चांगली सूत्रं उगाच वाया जाताना बघितली आहेत.

पहिली गोष्ट सामान्यरूपाची. 'राधेचा प्रवाह' म्हटलं की सूत्रात राधा उरतच नाही, राधे येते. 'उसाला' म्हटलं की ऊस गेला, दीर्घ ऊसुद्धा ऱ्हस्व झाला. सोडवणाऱ्याला ज्या अक्षरांशी खेळायचंय ती त्याच्या डोळ्यांसमोर जशीच्या तशी हवीत. म्हणून ज्या शब्दाची मोडतोड करायची तो विभक्ती न लावता येईल अशी वाक्यरचना शोधा. व्याख्येला मात्र प्रत्यय लागला तर चालतो, तिथे अर्थच घ्यायचा असतो.

दुसरी अक्षरांची. आपल्या चौकटीत काना-मात्रा-वेलांटीसकट पूर्ण अक्षर एका घरात बसतं. त्यामुळे इंग्रजीत हुकमी समजली जाणारी अक्षरांची उलथापालथ आपल्याकडे लवकर ओळखू येते. तीन वेगळ्या अक्षरांच्या सहाच मांडण्या, त्यातली एक सूत्रातच छापलेली. ती वापरायची तर वाक्य इतकं सहज हवं की कच्चा माल कुठला ते कळू नये. माझं एक: 'वेडंवाकडं सरकत केलेला व्यायाम (४)'. सरकत हलवलं की कसरत.

पण लिपी जे काढून घेते त्याच्या दुप्पट देते. टिंब पुसता येतं, काना काढता येतो. 'टिंब पुसलं की काळजी सरण (२)'. काळजी म्हणजे चिंता, टिंब गेलं की चिता. उलटसुलट सारखे शब्द आपल्याकडे चिकार आहेत: 'फिरवून पाहिलं तरी सोनं (३)', कनक. आणि श्लेष तर घरचाच आहे. 'कं बलवन्तं न बाधते शीतम्' हा प्रश्न, 'कोणत्या बलवानाला थंडी बाधत नाही?' उत्तर त्याच ओळीत: दोन शब्द जोडले की कंबलवन्तं, ज्याच्याकडे कांबळं आहे त्याला. संस्कृतात याला अंतर्लापिका म्हणतात. शब्द कुठे तोडायचा यावर खेळणं आपल्या कानाला मुळीच परकं नाही, त्याचा फायदा घ्या.

शब्दार्थासाठी दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश उघडून ठेवा, सोबत मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. दोन्ही इंटरनेटवर शोधता येतात. अझेडच्या कोड्यांना जसा चेंबर्स हा इंग्रजी कोश प्रमाण, तसा एक कोश मंडळाने प्रमाण ठरवला तर निम्मे वाद मिटतील. आयोजकांना तसं सुचवा.

काजळमाया_सोलापूर
सराव म्हणून एक सोडवा बघू: आज रात्री पोटात थोडं (२).

ओवी_नाशिक
जरा! 'आज रात्री'च्या पोटात, आणि अर्थ 'थोडं'. एकही शब्द फुकट नाही, वा!

अनुस्वार, सामान्यरूपाचं तुम्ही सांगितलंत आणि तिन्ही सूत्रं एकदम वेगळी दिसायला लागली. आता अशी आहेत:

धारा – प्रवाह पाहून राधा माघारी वळली (२)
कारभार – गाडीमागे ओझं बांधायची व्यवस्था (४) (चौकट, हे तुमचंच)
पाऊस – आभाळाची देणगी: पाण्याची सुरुवात, मग ऊस (३)

चौकट
पाऊस फार सुरेख झालंय. पाण्याचं पहिलं अक्षर पा, पुढे ऊस, आणि वरवर वाचलं तर शेतकऱ्याच्या तोंडचं वाक्य वाटतं. मी परीक्षक असतो तर हेच वर ठेवलं असतं.

मंदार_रेडिंग
पाऊस मलाही आवडलं. धारामधल्या 'पाहून'बद्दल मात्र शंका आहे. प्रवाह आणि उलटी राधा यांना जोडताना 'पाहून' काय सांगतं? यमुनेकाठचं चित्र उभं राहतं, पण अक्षरांच्या हिशोबात तो शब्द रिकामा आहे. 'प्रवाहासाठी राधा माघारी वळली (२)' असं करा. हे उत्तर मिळवण्यासाठी हे करा, असा सरळ संबंध लागतो.

चौकट
इथे मी वेगळ्या मताचा. 'साठी'ने हिशोब चोख होतो, पण प्रवाहासाठी माघारी का वळायचं? गोष्ट सैल पडते. जोडशब्द एकच असेल आणि सोडवणाऱ्याला चुकीच्या वाटेने नेत नसेल तर मी तो चालवून घेतो.

अनुस्वार
दोघांच्या मधला मार्ग: 'प्रवाहापायी राधा माघारी वळली (२)'. पायी म्हणजे कारणाने. पाणी वाढलं म्हणून ती वळली ही गोष्टही राहते आणि जोडणीलाही अर्थ येतो. प्रत्यय व्याख्येला लागलाय, राधा शाबूत आहे.

मंदार_रेडिंग
हे मान्य. पाठवायचं झालं तर हेच पाठवा.

काजळमाया_सोलापूर
सरावाचं कुणी बोललं नाही म्हणून सांगते. एक शब्द घ्यायचा आणि त्यावर वेगवेगळ्या पद्धतींनी सूत्रं लिहायची: एकदा फोड करून, एकदा उलटवून, एकदा दुसऱ्या वाक्यात लपवून, एकदा नुसत्या दोन अर्थांवर. 'कर' वर 'सरकार मागतं तो हात (२)' असंच सुचलं होतं, आधीची सगळी टाकून दिल्यावर. लिहिलेलं दोन दिवस बाजूला ठेवा. मग घरातल्या कुणाला तरी सोडवायला द्या आणि तेव्हा स्वतः गप्प बसा. ते कुठे अडतात आणि उत्तर कळल्यावर 'अरेच्चा' म्हणतात की 'हे कसं काय?' म्हणतात, त्यावरून सूत्र कुठे दुरुस्त करायचं ते कळतं.

ओवी_नाशिक
मनापासून आभार. शेवटचा प्रश्न: सूत्रासोबत उकल लिहून पाठवावी का? नियमांत काहीच म्हटलेलं नाही.

चौकट
जरूर पाठवा, एका ओळीत. व्याख्या कुठली, कच्चा माल कुठला, काय केलं की काय मिळतं, एवढंच. कोशातला जुना अर्थ वापरला असेल तर कोशाचं नाव द्या. सूत्राचं कौतुक त्यात नको. आणि कंसातला आकडा पुन्हा मोजा, जोडाक्षर एकच धरायचं.